खर्जाची नळी

ऑडिटर निवृत्त झाले, पण त्यांची लाल पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. वाणसामानाची पावती असो, विजेचं बिल असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, हाताशी आलेल्या प्रत्येक कागदावर ते आधी बरोबरची एक बारीक खूण करत आणि मगच त्या कागदावर विश्वास ठेवत. बेरीज जुळली की माणूस खरा, इतका त्यांचा जगाशी सरळ व्यवहार होता. नोकरीभर तो त्यांना पुरला. ऑफिसात टेबलावर कागद येतात. कागदात लिहिलेली गोदामातली पोती काही टेबलावर येऊन बसत नाहीत.

ऑडिटर हे नाव त्यांना बायकोने दिलं होतं, आणि कौतुकाने दिलं नव्हतं. बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिथे सगळे तिला बाई म्हणत, आणि ते नाव तिच्यामागोमाग घरापर्यंत आलं. बाईंचा सगळा संसार कानांवर चालायचा. तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणी नुसता श्वास घेतला तरी हा आता थाप मारणार हे आपल्याला कळतं, असं त्या सांगत. ते खरं की खोटं कोण जाणे; पण नवरा संध्याकाळी दारात चप्पल कशी काढतो यावरून आज साहेबांनी त्याला झापलंय की नाही, हे त्या स्वयंपाकघरातून ओळखत, एवढं नवऱ्यालाही मान्य होतं.

संध्याकाळी खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांत दोघं बसत. मधल्या स्टुलावर आधी टेपरेकॉर्डर होता, मग सीडी आली, मग मोबाइलला जोडलेला स्पीकर आला. गाणी मात्र तीच राहिली. ऑडिटर खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरत. आकड्यांच्या बाबतीत केसभर इकडेतिकडे न होणारा हा माणूस ठेक्यात कायम पुढे धावायचा. पगार व्हायच्या आधीच खर्च करून बसल्यासारखा त्याचा ठेका गाण्याच्या आधीच पडायचा. बाई डोळे न उघडता म्हणत, "अहो, गाणं अजून यायचंय. तुम्ही कुठे निघालात?"

हे वाक्य ऐकल्याशिवाय ऑडिटरांना गाणं झाल्यासारखं वाटत नसे.

मग बाईंना ताप आला. ताप गेला, पण जाताना कानांचा वरचा मजला घेऊन गेला. कानाच्या डॉक्टरांनी एक आलेख काढून दिला. डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे, आणि रेघ डावीकडून बऱ्यापैकी सरळ येऊन मध्यावर कड्यावरून उडी मारावी तशी खाली गेलेली. माणसांचं बोलणं उशीखालून आल्यासारखं वाटेल, डॉक्टर म्हणाले, शब्दांच्या कडा ऐकू येणार नाहीत. यंत्र दिलं. ते कानात शिट्ट्या मारायचं. बाईंनी दोन-चार दिवस ते सोसलं, मग बटणांच्या डब्यात टाकून दिलं.

ऑडिटरांना बहिरेपणाची तितकी धास्ती वाटली नाही, जितकी त्यानंतर जे झालं त्याची. एकदा घरी आलेल्या कुणीतरी काहीतरी विचारलं, बाईंनी भलतंच उत्तर दिलं आणि दोघंतिघं हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. त्या दिवसापासून बाईंनी एक युक्ती काढली. कुणी काहीही म्हटलं की त्या मान हलवून "हो" म्हणत. भाजी आणू का? हो. पंखा बंद करू का? हो. तुझी बहीण आली होती का? हो. बहीण आलेली नसे.

सगळ्या संसारात बाईंनी नवऱ्याला जितके होकार दिले नव्हते तितके त्या आता एका दिवसात देऊ लागल्या. दुसरा एखादा नवरा सुखावला असता. ऑडिटर सुखावले नाहीत. ज्या बाईने त्यांच्या प्रत्येक वाक्याला आजवर नाही म्हणून सुरुवात केली, तिच्या तोंडचा हा गुळगुळीत होकार म्हणजे बंद पडलेल्या दुकानावरची पाटी होती. संध्याकाळची दुसरी खुर्ची रिकामी राहू लागली. बाई स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून शेंगा सोलत बसत. ऑडिटर एकटेच गाणी लावत, एकटेच ठेका चुकत, आणि कुणी काही म्हणत नसे.

एका दुपारी ते पाणी प्यायला उठले तेव्हा बाई कपडे धुण्याच्या यंत्रापाशी उभ्या होत्या. यंत्र कपडे पिळत होतं, घुर्र घुर्र करत जागेवर थरथरत होतं. बाईंनी त्याच्या झाकणावर तळहात पसरून ठेवला होता आणि एक बोट, एकच, हळूच उचलून टेकवत होत्या. ठेक्यात. ऑडिटर पाणी न पिताच मागे फिरले. कपाटातून डॉक्टरांचा आलेख काढला आणि पुन्हा एकदा पाहिला. उजवी बाजू साफ बुडाली होती. डावीकडची शिल्लक होती. आणि ते आजवर शिल्लक सोडून बुडीत खात्याचंच रडगाणं गात बसले होते.

*

रेडिओ दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे वायरींचं घरटं होतं. त्याच्याकडे एक जुना पण धडधाकट वूफर पडून होता, थाळीएवढा, काळा. खालचे सूर काढणारा मोठा स्पीकर.

"हा एकटा काही करायचा नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "याला घर लागतं. घट्ट खोका, आणि खोक्याला एक नळी."

"नळी कशाला?"

दुरुस्तीवाल्याने टेबलाखालून रिकामी बाटली काढली आणि तिच्या तोंडावर फुंकर मारली. हूं, असा आवाज आला. मग लांब मानेची दुसरी बाटली काढून फुंकली. तो हूं खालच्या पट्टीतला होता.

"खोका म्हणजे बाटलीचं पोट, नळी म्हणजे मान. मान जितकी लांब तितका सूर खाली. पोट जितकं लहान, तितकी तोच सूर काढायला मान लांब लागते. खोक्यात हवा किती, नळीचं तोंड केवढं आणि सूर किती खाली पाहिजे, हे तीन आकडे घातले की लांबी निघते. गणित आहे. जमेल ना तुम्हाला?"

ऑडिटरांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने गणित मुकाट्याने एका पाकिटाच्या मागे लिहून दिलं.

खोका सुताराने केला. ऑडिटरांनी त्याला सांगितलं, तिन्ही बाजूंनी छत्तीस सेंटिमीटर, आणि मजबूत पाहिजे. सुताराला मजबूत हा शब्द फार आवडला असावा. त्याने प्लायचे दोन दोन थर चिकटवले, आत आडवे-उभे टेकू मारले, आणि खोका आणून ठेवताना म्हणाला, "यावर चढून पंखा पुसा, काही होणार नाही."

"खोका स्पीकरसाठी आहे."

"असू दे की. पंखा काय कुणाच्या घरी नसतो?"

ऑडिटर कुणाच्या शब्दावर जाणारे नव्हते. त्यांनी स्वतः टेप लावला. लांबी छत्तीस, रुंदी छत्तीस, उंची छत्तीस. खोक्याच्या पाठीवर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली. मग जेवणाच्या टेबलावर कागद पसरून गणित मांडलं. गुणाकार उलट भागाकाराने तपासला. तिसऱ्यांदा केला तेव्हाही तोच आकडा आला, तेव्हा त्यांना जुन्या दिवसांसारखं हलकं वाटलं. नळीची लांबी बावीस सेंटिमीटर, दोन मिलिमीटर.

नळवाल्याने पाइप आणला. "साहेब, थोडा जास्तीचा ठेवू का?"

"जास्तीचा कशाला? बावीस आणि दोन."

"नाही, पुढेमागे..."

"पुढे नाही आणि मागे नाही. बावीस आणि दोन."

नळवाल्याने पाइप मापात कापला, खोक्याच्या भोकात बसवला आणि चिकटवून टाकला.

हे सगळं चाललं होतं तेव्हा मास्तर तिथेच होते. मास्तर म्हणजे ऑडिटरांचे साडू, बाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. दोन गल्ल्या सोडून त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. वूफरसमोर लावायला काळं झिरझिरीत कापड घेऊन ते आले होते आणि आल्यासारखे बसले होते. मास्तरांचा साऱ्या धंद्याचा भरवसा शिवणीतल्या मायेवर होता. आत जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं, म्हणजे गिऱ्हाईक जाड झालं तरी उसवून वाढवता येतं. ऑडिटरांचं म्हणणं असं की मास्तर कापडात गिऱ्हाइकाचं सगळं भविष्य शिवून ठेवतात. त्यांच्या हातच्या विजारी ऑडिटरांना आयुष्यभर टाचेखाली आल्या होत्या.

"दादा," मास्तर म्हणाले, "एवढं काटेकोर कापायचं नव्हतं. लांब असलं तर तासता येतं."

"मास्तर, ही विजार नाही. याला गणित आहे."

"विजारीलाही असतं की."

"ते तुमच्या विजारींकडे बघून वाटत नाही."

मास्तर हसले. कापडाची घडी नीट करून ठेवली आणि चहा मागितला.

*

पहिल्यांदा खोका वाजवायचा होता तेव्हा ऑडिटरांनी घरात इतर कुणालाच बोलावलं नाही. हाताने खूण करून बाईंना खुर्चीत बसवलं. खोका दोन खुर्च्यांच्या मध्ये, स्टूल काढून तिथे. त्यांचं जुनंच गाणं लावलं, ज्यात गायक यायच्या आधी उभं राहून वाजवायचं ते मोठं व्हायोलिन बराच वेळ एकटंच खाली खाली चालत जातं, जिना उतरावा तसं.

जिना उतरलाच नाही. खोका एकाच पायरीवर उड्या मारत राहिला. ढब, ढब, ढब. सूर वरचा असो की खालचा, खोक्याला सगळे एकच. त्या ढबढबीला काचेच्या कपाटातले पेले किणकिणू लागले, खिडकीची कडी वाजू लागली. ऑडिटरांना वाटलं गाण्यात कुणीतरी रिकामं पिंप आपटतंय.

बाईंनी खोक्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. ऑडिटर त्यांच्या त्या एका बोटाकडे बघत होते. बोट हललं नाही. मग बाईंनी हात काढून घेतला, नवऱ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय दिसलं असेल ते असो, मान हलवून म्हणाल्या, "हो. छान आहे."

आणि उठून शेंगा सोलायला गेल्या.

त्या "छान आहे"ने ऑडिटर जेवढे खचले तेवढे कुठल्या शिवीने खचले नसते. बाई खोटं छान म्हणतील असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. लग्नानंतर त्यांनी आणलेल्या पहिल्या साडीलासुद्धा त्या "रंग धुपेल" म्हणाल्या होत्या. आणि धुपला होता.

ते कागदाकडे वळले. गणित बरोबर होतं. पुन्हा केलं, बरोबर होतं. दुरुस्तीवाल्याला फोन लावला तेव्हा तो म्हणाला, "आतून भिंतींना काहीतरी मऊ लावून बघा, ढबढब जरा दबेल." म्हणून त्यांनी मास्तरांना निरोप पाठवला. कोटाच्या खांद्यात घालतात तसल्या नमद्याचे तुकडे पाहिजेत, छत्तीस बाय छत्तीस. आणि निरोपाखाली एक ओळ जोडली: तंतोतंत, एक दोराही जास्त नको.

*

मास्तर दुसऱ्या दिवशी दुपारी नमदा घेऊन आले. ऑडिटरांनी स्क्रू काढून वूफर बाजूला ठेवला आणि त्या गोल भोकातून एक तुकडा आत सारला. तो आत जाऊन बोळा झाला. बाहेर काढला, सरळ केला, पुन्हा घातला. पुन्हा बोळा.

"मास्तर," ते जड आवाजात म्हणाले, "एक दोराही जास्त नको म्हणून लिहिलं होतं. एकदा तरी सवय सोडायची. आमच्या विजारींचं जाऊ द्या, पण हे..."

"दादा, शपथेवर सांगतो. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माया न सोडता कापड कापलं. तीनदा कात्री खाली ठेवली. धाकटी म्हणाली, बरं नाही का तुम्हाला?"

"मग मावत का नाही?"

"ते मी कसं सांगू? छत्तीस म्हणालात, छत्तीस आणलं. टेप लावा."

ऑडिटरांनी टेप लावला. नमदा छत्तीस. तंतोतंत. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी त्यांच्याकडे. मग टेपचं टोक धरून ऑडिटरांनी हात खांद्यापर्यंत खोक्यात घातला, एक गाल प्लायला टेकवून, जनावराच्या डॉक्टरासारखं. भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप ताणला. हात बाहेर आला तेव्हा टेपवर अंगठा एकतीसवर होता.

त्यांनी टेप पुन्हा आत घातला. पुन्हा एकतीस.

"मी बाहेरून मोजला," ऑडिटर म्हणाले.

"आम्हीही बाहेरूनच मोजतो," मास्तर त्यांना धीर देत म्हणाले. "आतून मोजायला गिऱ्हाईक तयार होत नाही."

पण ऑडिटरांचं तिकडे लक्ष नव्हतं. सुताराचा मजबूतपणा त्यांनी हवा म्हणून मोजला होता. प्रत्येक बाजूला अडीच सेंटिमीटर नुसतं लाकूड. त्यात टेकूंनी जागा खाल्लेली, वूफरच्या पाठीने खाल्लेली. त्यांनी पाकिटाच्या मागेच भराभर आकडे मांडले. जी हवा आत आहे असं धरून त्यांनी तीनतीनदा गुणाकार तपासले, तिच्यातली जेमतेम निम्मी खरोखर आत होती. बाकीची फक्त कागदावर होती. नोकरीभर ते इतरांच्या कागदांवर बरोबरच्या खुणा करत आले होते. एकाही गोदामात त्यांनी असा खांद्यापर्यंत हात घालून पाहिला नव्हता. हा विचार त्यांना आवडला नाही, आणि तो त्यांनी पुढे फारसा जाऊ दिला नाही. लाल पेन्सिलीने खोक्यावरच्या खुणेवर मात्र एक आडवी रेघ मारली.

"आता?" मास्तरांनी विचारलं.

"आता पोट लहान निघालं म्हणजे मान लांब पाहिजे." त्यांनी नवा आकडा काढला आणि हसावं की रडावं त्यांना कळेना. "आधीच्या दुपटीहून लांब. आतल्या जागेच्या दीडपट. नळी खोक्यात मावतच नाही."

"मग बाहेर काढा."

"बाहेर?"

"मान कुठे पोटात असते, दादा?"

ऑडिटरांनी यावर आक्षेप शोधला. गणितात नळी आत असावी की बाहेर याचा कुठे उल्लेख नव्हता. मास्तर तोवर उठून गेलेही होते. परत आले ते खांद्यावर दोन नळ्या घेऊन. पडद्याचं जाड कापड ज्यांच्यावर गुंडाळून येतं त्या पुठ्ठ्याच्या, लाकडासारख्या टणक नळ्या. एक जाड, दुसरी तिच्यात सरकेल इतकी बारीक.

नळवाल्याचा पाइप काढायला वेळ लागला. मास्तरांनी उसवायच्या पात्याने गोंदाची कड कापत आणली, ऑडिटरांनी ओढलं, आणि पाइप सुटला तेव्हा ते पाइपासकट मागे खुर्चीवर बसले. जाड नळी भोकात घट्ट बसली. बारीक नळीला एका टोकाशी मास्तरांनी नमद्याची पट्टी गुंडाळली, म्हणजे हवा निसटायला नको, आणि ती जाड नळीत सरकवली. खोक्यातून आता हातभर नळी बाहेर आली होती.

"तोफ झाली," ऑडिटर म्हणाले.

"धाकटीला सांगतो, दारावरून जाताना सांभाळून जा."

नळ्यांच्या तोंडाचं माप घेऊन ऑडिटरांनी गणित पुन्हा केलं, यावेळी आतून मोजून, आणि बारीक नळी जिथवर बाहेर ओढायची तिथे लाल रेघ मारली. "इथे. आणा गोंद."

"गोंद नको इतक्यात," मास्तर म्हणाले. "आधी अंगावर घालून बघू."

*

वूफर परत बसला. ऑडिटरांनी तेच गाणं लावलं. मास्तर तोफेसमोर मांडी घालून बसले आणि नळी लाल रेघेपर्यंत ओढली. मोठं व्हायोलिन एक पायरी उतरलं. दुसरी उतरलं. ढबढब गेली होती. आवाज म्हणावा तर तो कानांना फारसा येतच नव्हता. फरशीतून पायांना येत होता. मास्तरांच्या कानामागची पेन्सिल घरंगळून पडली.

"दादा, माझ्या पोटात वाजतंय."

"तुम्ही जेवलाय का?"

"जेवलोय. म्हणूनच तर कळतंय."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात बाई दिसल्या. हातात शेंगांचं ताट होतं आणि ताटातले दाणे तुरूतुरू नाचत होते. बाईंनी दाण्यांकडे बघितलं, फरशीकडे बघितलं, मग खोक्यातून बाहेर आलेल्या त्या नळीकडे आणि तिच्यापुढे बसलेल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे.

"हे काय चाललंय?" त्या म्हणाल्या.

प्रश्न. ऑडिटरांच्या लक्षात यायला एक क्षण लागला की बाईंनी प्रश्न विचारला. कित्येक महिन्यांत त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं, कारण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. ऑडिटरांनी उत्तर दिलं नाही. बाईंची खुर्ची खोक्यापुढे, आपल्या खुर्चीला अगदी लागून ओढली आणि तिच्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी ताट खाली ठेवलं. बसल्या. चपला काढून दोन्ही तळवे फरशीवर टेकले, एक हात खुर्चीच्या लाकडी हातावर पसरला आणि डोळे मिटले. ऑडिटरांनी गाणं पहिल्यापासून लावलं.

बाईंचं बोट लगेच उचललं नाही. त्या एक्स्चेंजमध्ये खराब लाइन लागल्यावर बसत तशा बसल्या होत्या, मान किंचित एका बाजूला, भुवया जवळ. मग त्यांनी डोळे न उघडताच हात पुढे केला आणि दोन बोटांनी खूण केली. ओढा.

मास्तरांनी ऑडिटरांकडे पाहिलं. नळी रेघेवर होती. ऑडिटरांनी खांदे उडवले. मास्तरांनी नळी बोटभर ओढली. बाईंची बोटं हललीच. अजून. मास्तरांनी आणखी ओढली. जिना आणखी खाली गेला, जिथे पायऱ्या आहेत हे ऑडिटरांना इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. अजून. मग बाईंचा तळहात वर झाला. थांबा. किंचित मागे. थांबा.

"लागली," बाई म्हणाल्या. लाइन लागली की हेच म्हणायच्या.

लाल रेघ जाड नळीच्या तोंडापासून चार बोटं बाहेर आली होती. ऑडिटरांना राहवेना. गणित यावेळी खरोखर बरोबर होतं, आतून मोजलेलं, स्वतःचा खांदा घालून. ते वाकले, बाईंच्या गुडघ्याला स्पर्श करून त्यांना डोळे उघडायला लावले, पेन्सिलीने त्या रेघेवर टकटक केलं आणि बोटाने नळी आत ढकलायची खूण करून दाखवली. इथे. इथे पाहिजे.

बाईंनी रेघेकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

मास्तर मुद्दाम खाली मान घालून फरशीवरची आपली पेन्सिल शोधू लागले. ऑडिटर वाकलेले तसेच राहिले. मग हळूच सरळ झाले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. खोलीत कपाट होतं, खुर्च्या होत्या, फरशी होती, बाईंचे पाय होते. यातला एकही आकडा पाकिटाच्या मागे नव्हता. शिवाय गणित कुणासाठी केलं होतं, हा एक मुद्दा होताच.

"गोंद लावू?" मास्तरांनी ओठ न हलवल्यासारखं विचारलं.

"नको," ऑडिटर म्हणाले. "राहू द्या सरकती. उद्या त्यांना आणखी कुठेतरी पाहिजे असेल."

"आणि नळी तेवढी लांब आहे म्हणून ओढता आली, हे..."

"कळलं, मास्तर. विजारी आणून देतो. कापून द्या."

गाणं पुन्हा सुरू केलं. खालचं व्हायोलिन जिना उतरू लागलं. बाईंचं एक बोट लाकडावर उठलं आणि टेकलं, उठलं आणि टेकलं. गायक यायला अजून वेळ होता. ऑडिटरांनी आपल्या खुर्चीच्या हातावर बोटं ठेवली, आणि त्यांना बाईंच्या बोटाकडे बघून ठेका धरता आला असता, पण तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. बोटं आपली नेहमीच्या वाटेने पुढे धावली. खुर्च्यांचे हात एकमेकांना टेकलेले होते. लाकडातून ते बाईंपर्यंत पोचलं असावं.

"अहो," बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "गाणं अजून यायचंय. तुम्ही कुठे निघालात?"

"कुठे नाही," ऑडिटर म्हणाले. ते बाईंना ऐकू आलं नाही. मास्तरांना आलं, पण ते तोवर शेंगांचं ताट मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यातले दाणे खात होते. ऑडिटरांची बोटं थांबली नाहीत. ती तशीच, गाण्याच्या दोन पावलं पुढे, ठेका चुकत राहिली.